चौथं भोक

मी मेकॅनिकल इंजिनिअर. भोवरा का डुलतो ते गणित मांडून सांगू शकतो. म्हणूनच फसलो.

2022 साली न्यू जर्सीत ऑफिसच्या चौघांनी मिळून बोलिंग लीगमध्ये नाव घातलं. तिथल्या फुकटच्या बॉलला कंटाळून मी ऑनलाइन एक वापरलेला बॉल शोधला. 15 पाउंडी, असिमेट्रिक कोअर (आतला जड गाभा, सगळीकडून सारखा नसलेला), 120 डॉलर. जाहिरातीत तीन फोटो, तिन्ही लोगोच्या बाजूचे.

पार्किंगमध्ये विकणाऱ्या गृहस्थाने कोअरवर जे प्रवचन दिलं त्यात चूक काढायला जागा नव्हती. कोअरचं वजन मध्याजवळ, म्हणजे आरजी (रेडियस ऑफ जायरेशन, वजन अक्षापासून सरासरी किती लांब त्याचं माप) कमी, तर बॉल लवकर लोळू लागतो. वजन बाहेरच्या अंगाला असेल तर लांबवर घसरत जाऊन उशिरा वळतो. निरनिराळ्या अक्षांवरच्या आरजीतला फरक म्हणजे डिफरेन्शियल. तो मोठा असला की फिरता बॉल आपला अक्ष सरकवत राहतो, दर फेरीला तेल न लागलेली नवी पट्टी तेल लावलेल्या लेनला टेकते आणि पकड मिळते. बॉलवर तेलाची वळी पंख्यासारखी पसरलेली होती, तीही त्याने दाखवली. "नियमात कमाल 0.060 इंच, याचा 0.054!" मग बाजूच्या चौथ्या भोकाकडे बोट: "याने कोअर आणखी जोर धरतो." तेही खरंच, योग्य जागी वस्तुमान काढलं की फरक वाढतो. मी मान डोलावत पैसे मोजले.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या टीमच्या कॅप्टनने बॉल हातात फिरवला आणि हसला. यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) नियमाने 1 ऑगस्ट 2020 पासून, ज्यात टाकताना बोट जात नाही असं भोक मान्यताप्राप्त लीगमध्ये चालत नाही. (दोन हातांनी टाकणाऱ्याला अंगठ्याचं रिकामं भोकसुद्धा नाही.) विकणारा स्वतः लीग खेळणारा, त्याला हे ठाऊक नसेल?

बुजवायला दुकानात नेला. तिथल्या बाईंनी बॉल दिव्याखाली धरला, तर नक्षीत मिसळून गेलेली आणखी तीन बुजवलेली भोकं निघाली. आणि 0.054 हा आकडा, त्या म्हणाल्या, भोकं पाडण्याआधीच्या कोऱ्या बॉलचा. या बॉलचा खरा आकडा आता मोजल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. बुजवण्याचे पैसे वेगळे गेले आणि वळणही मंदावलं.

विकणाऱ्याला दोन मेसेज केले. वाचले, उत्तर नाही, मग ब्लॉक. परवा मित्राच्या फोनवर त्याची नवी जाहिरात दिसली. फोटो तीन, लोगोच्या बाजूचे.