दोघांची खाद्यभटकंती: एकाच ठिकाणी पोटभर की तीन ठिकाणी थोडं थोडं?

एकाच ठिकाणी बसणार असाल तर दोघांनी तोच पदार्थ मागवू नये. एक कोरडा, एक रस्स्याचा, दोन्ही मधोमध. सगळं एकदम आलं की दुसरी ताटली गार होते आणि झाकून ठेवलेलं तळण स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. पहिली निम्मी झाल्यावर दुसरी सांगावी. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, म्हणून घाईत हमखास जास्त मागवलं जातं.

तीन ठिकाणं फिरण्यात मजा जास्त, पण क्रम चुकला की संपलंच. आधी सौम्य, मग झणझणीत, शेवटी गोड. सुरुवातीलाच जाळ झाला तर पुढची नाजूक चव कळतच नाही. त्यावर पाणी पिऊनही उपयोग नाही, कारण मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावं. दर ठिकाणी दोघांत एकच ताटली, तीही लहान. (‘आता आलोच आहोत तर’ म्हणणाऱ्याला मेन्यूकार्ड देऊ नये.)

फिरणंच सरस, फक्त दोघांपैकी एकाला कडकडून भूक लागली असेल तर मुकाट्याने पहिल्याच ठिकाणी बसा, नाहीतर रांगेतच वाद होतो.