उन्हात धावताना पाणी कशात न्यावे: हातातील बाटली, कमरपट्टा की पाठीवरचा व्हेस्ट?

उन्हात धावायला निघताना टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन यांचा निर्णय पाच मिनिटांत होतो, कारण या वस्तूंचे वजन नगण्य असते आणि त्या चुकल्या तरी धाव सहसा पूर्ण होते. पाण्याचे तसे नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते शरीरावर कोठे लटकवायचे यावर हाताची हालचाल, पाठीवरचा घाम वाळणे आणि धावण्याची लय ही तिन्ही अवलंबून असतात. म्हणून सामानाची जुळवाजुळव पाण्यापासून सुरू करावी.

त्याआधी आपल्याला किती घाम येतो ते मोजावे. माणसामाणसांत हा फरक मोठा असतो; ताशी अर्धा लिटर ते दोन लिटर हा सामान्य पल्ला आहे, आणि काहींचा घाम त्याहूनही अधिक असतो. कपडे काढून वजन करावे, नेहमीच्या वेगाने तासभर धावावे, अंग कोरडे पुसून पुन्हा वजन करावे. समजा, ६२.४ किलोचे ६१.३ किलो झाले आणि वाटेत ३०० मिलिलिटर पाणी प्यायले गेले, तर त्या तासात सुमारे १.४ लिटर घाम गेला. हे सगळे पाणी धावतानाच भरून काढायचे नसते. तहानेपेक्षा फार अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक रीतीने घटू शकते. या आकड्याचा उपयोग एवढाच, की अर्ध्या लिटरची बाटली आपल्याला कोठवर पुरेल याचा अंदाज येतो.

तासाभराच्या आतली धाव असेल, किंवा वाटेत पाणी भरून घेण्याची खात्रीची सोय असेल, तर हातात धरायची पट्टा असलेली बाटली सर्वांत सोयीची आहे. ती पाठ आणि पोट दोन्ही मोकळे ठेवते, पाणी डोळ्यांसमोर असल्याने पिण्याची आठवण राहते, आणि मनात आले तर घोटभर पाणी मानेवर ओतताही येते. तिचा दोष असा, की अर्धा किलो वजन एकाच हाताला येते आणि लांब पल्ल्यात त्या बाजूचा खांदा नकळत आखडतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात बदलावा. कडक बाटलीऐवजी पाणी संपेल तशी आक्रसत जाणारी मऊ पिशवी, म्हणजे सॉफ्ट फ्लास्क घेतली, तर आतले पाणी डुचमळत नाही.

कमरपट्टा कागदावर आदर्श दिसतो, कारण वजन शरीराच्या मध्यभागी राहते आणि दोन्ही हात सुटे असतात. प्रत्यक्षात तो कोणत्या अंगाला बसतो यावर सगळे ठरते. माझा पहिला पट्टा घरात घालून पाहिला तेव्हा चपखल वाटला होता, पण तिसऱ्या किलोमीटरला घामाने निसरडा होऊन वर सरकू लागला आणि परतेपर्यंत बरगड्यांखाली लाल वळ उठले होते. मागे एकच मोठी बाटली तिरकी अडकवण्याऐवजी दोन लहान बाटल्या दोन्ही बाजूंना विभागणारा पट्टा कमी हलतो. ज्यांना पोटावर दाब सहन होत नाही, त्यांनी या पर्यायाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

दीड-दोन तासांहून मोठी धाव आणि वाटेत पाणी नाही, अशी स्थिती असेल तर व्हेस्टला, म्हणजे पाणी ठेवायचे कप्पे असलेल्या, जाकिटासारख्या अंगावर घालायच्या पिशवीला पर्याय नाही. दीड-दोन लिटर पाणी, खाणे, फोन, सगळे त्यात मावते आणि वजन दोन्ही खांद्यांवर सारखे वाटले जाते. उन्हात मात्र त्याची किंमत मोजावी लागते. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्याने नव्हे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते, आणि व्हेस्ट नेमकी पाठ झाकतो. दमट हवेत घाम आधीच धड वाळत नाही, त्यामुळे तेथे ही अडचण अधिक जाणवते. म्हणून पाठीवर पाण्याची पिशवी ठेवून नळीने पाणी ओढायच्या व्हेस्टपेक्षा छातीवर दोन सॉफ्ट फ्लास्क ठेवणारा, जाळीदार आणि आखूड व्हेस्ट मला उजवा वाटतो. पिशवीचाच घेतला, तर भरल्यावर ती उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून काढावी, म्हणजे खळखळ थांबते. आणखी एक बारीकशी गोष्ट: उन्हात नळीत साचलेले पाणी तापते आणि पहिला घोट चहासारखा लागतो. प्यायल्यानंतर नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलले की हा त्रास टळतो.

बाकीच्या सामानात सुती टी-शर्ट आणि पॉलिस्टर यांची तुलना लवकर संपते. सुती कापड घाम धरून ठेवते, जड होते आणि घासते; सैल विणीचे, फिकट रंगाचे पॉलिस्टर लवकर वाळते. टोपी की व्हायझर (वरून उघडी, फक्त पुढे झडप असलेली पट्टी) हा प्रश्न थोडा विचार करायला लावणारा आहे. व्हायझरमध्ये डोके मोकळे राहते, पण विरळ केसांच्या माणसाने टोपीच घालावी. शिवाय टोपीत बर्फाचे तुकडे ठेवता येतात. सनस्क्रीन एसपीएफ ३० असो वा ५०, योग्य प्रमाणात लावल्यास अतिनील-बी किरणे अनुक्रमे सुमारे ९७ आणि ९८ टक्के अडतात. त्यामुळे आकड्यापेक्षा भरपूर लावणे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावणे महत्त्वाचे. धाव संपल्यावर टोपीच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटत असतील, तर लांब पल्ल्याला नुसत्या पाण्याबरोबर क्षारांची पुडीही न्यावी.

बाटली आणि व्हेस्ट यांत मन अडले असेल, तर मी बाटली घेऊन घराभोवती छोट्या फेऱ्या मारीन आणि दर फेरीला ती भरून घेईन. व्हेस्ट घ्यायचे ठरलेच, तर दुकानात तो पाणी भरून घालून पाहावा आणि चार उड्या मारून कोठे घासतो ते तपासावे. रिकामा व्हेस्ट सगळ्यांनाच नीट बसतो.