‘स्पीड पॅकेज’ घेतलं आणि साइट बसली

सांगली मार्केट यार्डात लॅपटॉप घेऊन एक जण फिरतोय. ‘साइट फास्ट करून देतो’ म्हणत तो तुमच्याही दुकानात येईल, म्हणून लिहितोय.

आमच्या अडतीची वर्डप्रेसवर (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) साधी साइट आहे. हळद-बेदाण्याचे दर रोज टाकतो, जुने दर तसेच राहतात, त्यामुळे पानं हजारावर गेलीत. होस्टिंग शेअर्ड. एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, प्रत्येकाला सीपीयूचा, म्हणजे सर्व्हरच्या ताकदीचा, ठरलेला वाटा. सौद्याच्या वेळी साइट रेंगाळायची, हे खरं. या गड्यानं ‘मी स्वतः बनवलेलं कॅशिंग प्लगइन’ (साइट वेगवान करणारं जोड-सॉफ्टवेअर) म्हणून 9,500 रुपये घेतले. बिल मागितलं की ‘पाठवतो की मालक’.

थोडे दिवस बरे गेले. मग ऐन सौद्यात साइटच्या जागी 508 एरर, ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’, म्हणजे आमचा वाटा संपला. साहेब लगेच हजर! ‘लोड वाढलाय, आता वेगळा सर्व्हर घ्या, वर्षाला 24,000.’

पुतण्यानं पैसे देऊ दिले नाहीत. त्यानं सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, रिसोर्स युसेज उघडलं. मध्यरात्री साइट बघायला काळं कुत्रं नाही, तरी सीपीयूची रेघ वर टेकलेली. प्लगइनचं फोल्डर उघडलं तर आत डब्ल्यूपी सुपर कॅश. हे फुकट मिळतं, यानं फक्त नावाची पाटी बदललेली. बसवून देण्याची मजुरी घ्यावी, त्याला ना नाही. पण खरी गोम सेटिंगमध्ये होती. प्रीलोड चालू, दर 30 मिनिटांनी. त्याहून कमी वेळ तिथं टाकताच येत नाही. पान एकदा तयार करून ठेवायचं आणि येईल त्याला तेच द्यायचं, यासाठी कॅश. प्रीलोड मात्र सगळी पानं पुन्हा नव्यानं बनवत बसतं, प्रत्येक पानामागे पीएचपी (पान तयार करणारा प्रोग्राम) आणि डेटाबेस कामाला. गेल्या वर्षीचा बेदाण्याचा दर काय अर्ध्या तासानं बदलणार आहे?

‘ते ऑटोमॅटिक होतं’ म्हणाला तो गडी. होत नाही, प्रीलोडची वेळ कुणीतरी हातानं टाकावी लागते. पुतण्यानं प्रीलोड बंद केलं, वर्डप्रेसचा क्रॉन (ठरलेली कामं आपोआप करणारी सोय) प्रत्येक भेटीला तपासला जायचा तो सीपॅनेलमधून ठरावीक वेळेला लावला. त्याच होस्टिंगवर साइट आता सौद्यालाही टिकते.

याच्याकडून काम करून घेतलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही, युजर्सची यादीही बघा. आमच्यात त्यानं स्वतःसाठी दुसरा अ‍ॅडमिन करून ठेवला होता. यूपीआयची नोंद आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेत, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार दिली आहे.