हक्काचा कायदा की विम्याचे कार्ड?

राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा, म्हणजे तातडीचे उपचार आगाऊ पैशांविना मिळण्याची हमी देणारा कायदा मंजूर केला. परंतु खासगी डॉक्टरांच्या आंदोलनानंतर दोनच आठवड्यांत झालेल्या समझोत्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये त्यातून वगळण्याचे सरकारने मान्य केले. तातडीच्या वेळी माणूस जवळचे दार ठोठावतो आणि ते बहुधा लहानच असते, त्यामुळे तेथील मतदारांची चीड समजण्याजोगी आहे.

महाराष्ट्राने मुळातच विम्याची वाट धरली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेले. हृदयाची शस्त्रक्रिया अंगावर आली, तर ही योजना घर गहाण पडू देत नाही, हे मान्यच करावे लागेल. मात्र यादीतला आजार आणि यादीतलेच रुग्णालय, ही तडजोड तिच्या पायातच आहे. तंबाखूच्या धुळीने खोकणारी विडी कामगार बाई आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाच्या टेबलापुढे पिशवीतून शिधापत्रिका काढते, तेव्हा दाखल होण्याइतका आजार नसल्याने तपासणी आणि औषधांचा खर्च तिच्या पदरीच पडतो. (प्रचारपत्रकावर मात्र ५ लाखांचा आकडा ठळक असतो.)

मला राजस्थानचा हा कापलेला कायदाही अधिक मोलाचा वाटतो, कारण योजनेत नाव नसल्यास विनंती करावी लागते, तर कायद्यात दाद मागता येते.