छप्पर तापतंय: स्प्रे फोम मारावा, पांढरा कोट द्यावा की पफ पॅनल टाकावं?

मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला खालून तळहात लावून बघा. नागपुरात भावाच्या घरी वरच्या मजल्यावर मी लावला होता. सूर्य मावळून चार तास होऊन गेले होते, तरी स्लॅब ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागत होता. दिवसभर प्यायलेलं ऊन तो आता खोलीत सोडत होता. कूलर खालून गार हवा फेकत होता, पण डोक्यावरचा तवा तापलेलाच. त्याच आठवड्यात एका ठेकेदारानं भावाला स्लॅबच्या खालून स्प्रे फोम मारायचं कोटेशन दिलं होतं. मी बांधकामाच्या साइटवर काम करणारा, म्हणून त्यानं मला विचारलं, "दादा, करून टाकू का?"

मी नको म्हणालो. पण पत्र्याचं घर असतं तर कदाचित हो म्हणालो असतो. सगळा निर्णय छप्पर कशाचं आहे यावर आहे, आणि कोटेशन देणारा नेमकं तेवढंच विचारत नाही.

आधी फोम म्हणजे काय ते पाहू. गाडीतून दोन ड्रम येतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यासोबतची रसायनं. मशीन दोन्ही गरम करून सारख्या प्रमाणात बंदुकीपर्यंत आणतं, तिथे ती मिसळतात आणि पृष्ठभागावर पडताच काही सेकंदांत फेसाळून फुगतात. ओपन सेल प्रकारचा फोम मऊ असतो, घनमीटरला साधारण ८ किलो, आणि त्यातून ओलावा आरपार जातो. क्लोज्ड सेल कडक असतो, ३० किलोच्या वर, आणि पाण्याला जवळजवळ दाद देत नाही. आपल्याकडच्या छपराला हा दुसराच लागतो. तो उष्णता अडवतो यात शंका नाही. एक इंच क्लोज्ड सेल फोम जेवढं अडवतो, तेवढं अडवायला सुमारे दीड मीटर जाडीचं काँक्रीट लागेल.

मग स्लॅबच्या घराला मी नको का म्हणालो?

कारण खालून मारलेला फोम ऊन अडवत नाही, तापलेल्या स्लॅबची झळ अडवतो. स्लॅब रोज तापणार, रोज प्रसरण पावणार, भेगा वाढणार. पावसाळ्यात गळती लागली तर पाणी कुठून उतरतंय ते फोमच्या थराआड दिसणारच नाही. पंख्याचे हूक आणि वायरिंगच्या पट्ट्या त्यात बुजतात. शिवाय ज्वलनशील वस्तू थेट झोपायच्या खोलीच्या छताला चिकटते. हेच ऊन गच्चीवर अडवलं तर यातलं काहीच होत नाही. पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट ऊन शोषण्याआधीच परतवतो, आणि रात्री स्लॅबला आकाशाकडे मोकळेपणानं गार होऊ देतो. ज्या घरात एसी नाही, खिडक्या उघड्या ठेवून झोपतात, तिथे याला तोड नाही. चुन्याचे दोन हात सगळ्यांत स्वस्त, पण पावसात धुऊन जातात. गच्चीसाठीचा तयार कोट जास्त टिकतो. मात्र दोन्हीवर धूळ बसते आणि धूळ बसली की काम अर्धवट होतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची घासून धुवायलाच हवी. गच्चीवर पापड, कुरडया, मुलांचं खेळणं असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक चांगलं. ते चालण्यानं झिजत नाही.

"आमच्याकडे ब्रिकबॅट कोबा आहे, मग उष्णतेची काळजी नाही," असं बरेच जण म्हणतात. कोबा म्हणजे गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. त्याचं मुख्य काम उतार देणं आणि पाणी अडवणं. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जातो, त्या मानानं उष्णता फार अडवत नाही. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा तर कधीही घालू नका. स्लॅबवर किती वजन चढवतोय याचा हिशेब कुणी करत नाही.

खोलीला दिवसभर एसी लागत असेल तर मात्र इन्सुलेशन घ्याच. २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या केंद्र सरकारच्या नियमावलीत, छपराच्या उष्णतावहनाची (यू-व्हॅल्यू: अंशाच्या फरकामागे चौरस मीटरमधून जाणारे वॅट) कमाल मर्यादा १.२ आहे. उघडा सहा इंची स्लॅब तीनच्या वर असतो. एक इंच क्लोज्ड सेल फोम त्याला एकच्या खाली आणतो. पण तो गच्चीवर, वरून. उघड्या फोमला ऊन सोसत नाही. तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि त्याची भुकटी होते. म्हणून वर संरक्षक कोट किंवा कोबा धरूनच हिशेब करा. एक्सपीएस बोर्ड, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या कडक फोमची तयार पाटी, जाडीमागे थोडं कमी अडवतो, पण त्याची जाडी कारखान्यात ठरलेली असते, आणि सपाट गच्चीवर मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

सोसायटीत वरच्या मजल्यावर राहता आणि गच्चीला हात लावू देत नाहीत? मग खालूनच काहीतरी करावं लागेल. तिथेही फोमऐवजी ग्लास वूल (काचेच्या तंतूंची कापसासारखी गादी) आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग करा. ग्लास वूल पेटत नाही, आणि उद्या गळती लागली तर एक बोर्ड काढून बघता येतं.

आता पत्र्याचं घर. इथे फोमला मी मनापासून मानतो. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, त्यात अडवण्यासारखं काही नाहीच. सकाळी दहालाच खाली बसवत नाही. थंडीत उलटा त्रास: पहाटे पत्रा गार पडतो, खोलीतल्या श्वासांची आणि चुलीवरच्या पातेल्याची वाफ त्याला खालून लागते, आणि अंथरुणावर थेंब टपकतात. लोक समजतात पत्रा गळतोय आणि खिळ्यांवर डांबर लावत बसतात. क्लोज्ड सेल फोम पत्र्याला घट्ट चिकटतो, मधे हवा उरतच नाही, त्यामुळे वाफेला गार पत्रा सापडत नाही. टपकणं थांबतं. पावसाचा ताशाही बराच खाली येतो. पत्र्याखाली ग्लास वूल बांधलं आणि ओलावा अडवणारा थर नीट लावला नाही, तर ते याच पाण्यानं भिजून लोंबतं.

अट एकच. पत्रा शाबूत हवा. गंजावर, तेलकट काजळीवर मारलेला फोम गंजाच्या पापुद्र्यासकट सुटून येतो. आणि फोम मारलेला पत्रा पुन्हा सोडवून वापरता येत नाही. म्हणून दोन-चार वर्षांत पत्रे बदलायचेच असतील तर फोमवर पैसे घालू नका, थेट पफ पॅनल टाका. जातकुळी तीच, फक्त फोम कारखान्यात दोन पत्र्यांच्या मधे भरलेला. जाडी खात्रीची, फोम उघडा राहत नाही आणि घरात रसायन फवारायची गरज नाही. नवीन छपराला माझं मत सरळ पफ पॅनललाच. पत्रे नवे आणि चांगले असतील तर स्प्रे फोम.

कौलारू घराला मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी फोम मारू देऊ नका. कौलांच्या फटींतून घर श्वास घेतं, वासे-रिपा ओल्या झाल्या तरी वाळतात. खालून फोम चिकटवला की तो ओलावा लाकडातच राहतो. वाळवी लागली तर दिसत नाही, आणि एक कौल फुटलं तर ते सुटं काढता येत नाही. पावसाआधी घर शाकारणार कसं? ब्रिटनमध्ये उतरत्या छपरांच्या लाकडाला असा फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला बऱ्याच बँका नकार देतात, कारण लाकूड तपासताच येत नाही. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी घर घेण्याआधी माळ्यावर चढून हे पाहावंच.

फोम घ्यायचं ठरलं तर पुढच्या गोष्टींत ढिलाई नको. कोटेशनवर "अग्निरोधक" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आग सावकाश पसरते एवढाच. पेटला तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. राहत्या खोलीत तो जिप्सम बोर्डानं झाकायचा, स्वयंपाकघरात तर नक्कीच. फुगवण्यासाठी कोणता वायू वापरतात तेही विचारा. ओझोनला मारक एचसीएफसी-१४१बी आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून बंद आहे.

फवारणीच्या दिवशी घरात कुणी थांबायचं नाही, पुढचे २४ तास तरी. आयसोसायनेटच्या वाफांनी दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्या वाफेनंही उसळतो. घरात आधीच दमेकरी असेल तर आठवडाभर नातेवाइकांकडे धाडा.

घाईनं काय होतं ते मी एका खोलीत पाहिलंय. तीन इंच फोम एकाच फेरीत फुगवला होता. मिश्रण घट्ट होताना आतून तापतं, जाड थरातली ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. महिनाभर खोलीत माशासारखा वास. कापून पाहिलं तर बाहेरून पिवळसर, मधे तपकिरी करपलेला. सगळा खरवडून काढावा लागला आणि पैसे मालकाचेच गेले. म्हणून थर पातळ, फेऱ्या जास्त, आणि दोन फेऱ्यांमधे गार व्हायला वेळ, हे कागदावर लिहून घ्या.

जाडी आणि घनताही लिहून घ्या, नुसता चौरस फुटाचा दर नको. तपासणी सोपी आहे. बारीक तार चार-पाच जागी टोचून जाडी मोजा. मग एका कोपऱ्यातून १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. घनमीटरला ३२ किलोचा फोम असेल तर तो १६ ग्रॅम भरला पाहिजे (थर निम्म्याच जाडीचा असेल तर ८). १६ ऐवजी १० भरला, तर कापलेली जागा तशीच राहू द्या आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराला ती दाखवा.