शून्य तास चाललेली डिस्क

घरातील सर्वांचे फोटो, महत्त्वाची कागदपत्रे आणि आईच्या आवाजातील काही रेकॉर्डिंग मी बरीच वर्षे चार डिस्कच्या एका नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या यंत्रावर, ठेवत आलो आहे. एका रात्री त्यातून बीप ऐकू येऊ लागला आणि तिसऱ्या कप्प्याचा दिवा नारिंगी झाला. पुढे जे घडले त्यात डिस्कच्या बिघाडाचा वाटा थोडा होता. खरे नुकसान झाले ते ‘नवी’ म्हणून माझ्या हाती दिलेल्या डिस्कमुळे. ज्यांच्या नॅसमधील एखादी डिस्क आज-उद्या बदलावी लागणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीचे निदान मी नीट केले होते, असे आजही वाटते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांमध्ये 197 क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे तुकडे), दोन दिवसांत 8 वरून 56 वर गेला होता. 199 क्रमांकाचा आकडा, म्हणजे डिस्ककडून माहिती येता-जाताना झालेल्या चुका, मात्र शून्यच होता. तो वाढत असता तर दोष केबलचा किंवा कप्प्यातील जोडणीचा असण्याची शक्यता अधिक होती. तरीही नॅस बंद करून मी ती डिस्क संगणकाला वेगळ्या केबलने जोडली आणि तिची चाचणी घेतली, तेव्हा वाचनाच्या चुका तशाच आल्या. डिस्कच खराब होती. माझ्या नॅसमधील डिस्क रेड 5 या पद्धतीने एकत्र जोडलेल्या होत्या, आणि तीत एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, त्यामुळे त्याच क्षमतेची नवी डिस्क बसवून रिबिल्ड केले, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर माहिती पुन्हा उभी केली, की काम झाले, अशा समजुतीने मी ऑनलाइन शोध घेतला आणि जो विक्रेता सर्वांत लवकर पोहोचवणार होता त्याच्याकडे मागणी नोंदवली.

डिस्क आली ती साध्या, चिकटपट्टी लावलेल्या रुपेरी पिशवीत. स्क्रूच्या दोन छिद्रांच्या कडांवर धातू घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या आणि जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक समांतर ओरखडे होते. हे मला दिसले होते. पण नॅसचा बीप चालू होता आणि स्मार्टमध्ये डिस्क चाललेले तास 0 दिसत होते; त्या शून्यावर मी विश्वास ठेवला.

रिबिल्ड 71 टक्क्यांवर थांबले आणि नॅसने नवी डिस्क बाद केली. विक्रेत्याला कळवले तेव्हा उत्तर आले, “साहेब, डिस्क एकदम नवीन आहे, तुमच्या नॅसचं फर्मवेअर जुनं असेल, अपडेट करून परत लावून बघा.” उत्तर नम्र होते, तत्पर होते आणि ऐकायला पटण्यासारखेही होते. मी फर्मवेअर, म्हणजे नॅसमधील अंगभूत सॉफ्टवेअर, अपडेट केले आणि रिबिल्ड पुन्हा सुरू केले. प्रत्येक रिबिल्डमध्ये उरलेल्या तीन जुन्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचल्या जातात, त्यांच्यावर तासन्‌तास ताण येतो, हे मला ठाऊक असूनही मी तो धोका दुसऱ्यांदा पत्करला. या वेळी पहिल्या कप्प्यातील जुनी डिस्क वाचनाच्या चुका देऊ लागली आणि संपूर्ण व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून झालेली सामाईक साठवण, बंद पडला.

त्यानंतर शंका आली म्हणून मी ती ‘नवी’ डिस्क संगणकाला जोडून तपासली. स्मार्टमधील तासांची नोंद पुसून शून्यावर आणता येते. पण सीगेटच्या बऱ्याच डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक आतली नोंदवही असते, आणि डिस्क तपासणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 व त्यापुढील आवृत्त्यांमध्ये ती वाचण्याची सोय आहे. त्या नोंदीत 27,412 तास होते. वर्षाचे तास 8,760 धरले तर ती डिस्क तीन वर्षांहून अधिक काळ अखंड फिरलेली होती. उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला तेव्हा हमीची मुदतही केव्हाच संपलेली निघाली.

हे सारे पुरावे पाठवल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. परताव्याची मुदत संपली आहे, पिशवी फोडलेली आहे, माल परत घेता येणार नाही, एवढेच तो सांगत राहिला. फर्मवेअर अपडेट करा, दुसरा कप्पा वापरून बघा, दोन दिवस थांबा, हे सर्व सल्ले ती मुदत उलटावी म्हणूनच दिले होते, हे संदेशांच्या तारखा ओळीने लावल्यावर माझ्या लक्षात आले. या भागाचा मला सर्वाधिक संताप येतो, कारण त्याच्या सल्ल्यावर विसंबून केलेल्या दुसऱ्या रिबिल्डनेच माझी माहिती धोक्यात आणली.

व्हॉल्यूम बंद पडल्यावर नॅसने डिस्क पुन्हा इनिशियलाइज करण्याचा पर्याय दाखवला. तो मी नाकारला, आणि अशा वेळी तो कोणीही स्वीकारू नये, कारण त्याने उरलीसुरली माहितीही जाते. पहिल्या कप्प्यातील डिस्क बाहेर काढून खराब डिस्कवरून माहिती वाचवणाऱ्या डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची प्रत एका खात्रीच्या डिस्कवर घेतली. त्याला दोन दिवस लागले. जेमतेम काहीशे किलोबाइट वाचता आले नाहीत. ती प्रत आणि दोन धडधाकट डिस्क यांवरून व्हॉल्यूम केवळ वाचनासाठी उघडला आणि प्रथम सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, तरी वेगळी प्रत माझ्याकडे फक्त कागदपत्रांचीच होती.

आता आलेली डिस्क मी आधी संगणकाला जोडतो, लेबलवरील अनुक्रमांक आणि डिस्क स्वतः सांगते तो अनुक्रमांक एकच आहे का ते पाहतो, हमीची तारीख तपासतो आणि जिथे सोय आहे तिथे दोन्ही नोंदींतील तास ताडून बघतो. मग दीर्घ स्वयंचाचणी लावतो. 8 टेराबाइटच्या डिस्कला त्यासाठी दहा-पंधरा तास सहज लागतात. पिशवी उघडतानाचे चित्रीकरणही करून ठेवतो. अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या डिस्कवर रिबिल्ड पहिल्याच वेळी पूर्ण झाले.

जे किलोबाइट वाचता आले नाहीत, त्यांत आईच्या एका रेकॉर्डिंगचा मधला भाग होता. ते सुरू होते, ती माझे नाव घेते आणि आवाज तिथेच तुटतो.