जुना बिडाचा टब आणि न्हाणीच्या भिंती : अकरा महिने वापरल्यावर

आमच्या न्हाणीतला टब आजोबांनी कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या लिलावातून बैलगाडीवर घालून आणलेला. बिडाचा, आतून पांढरं इनॅमल, आणि चौघांनी जोर लावला तरी जागचा हलत नाही. त्यात लोळून आंघोळ घरात कोणीच केली नाही. आमचा दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही; शहानूर धरणाचं नळाचं पाणी येईल त्या दिवशी टब भरून ठेवायचा, एवढाच त्याचा उपयोग.

मागच्या वर्षी बाबांचे गुडघे आखडले, बादलीपाशी खाली बसणं होईना. टबावर आडवी सागवानी फळी टाकली तर तिच्यावर बसून पाय आत घेता येतील, असं डोक्यात आलं. पण आतलं इनॅमल खरबरीत, पिवळं पडलेलं, आणि जाळीभोवती गंज. माय म्हणाली, "न्हानीत म्हशीची डोनी कायले पायजे? फोडून टाका ना!" फोडायलाच घण लागला असता, वर अकोल्याहून नवा ॲक्रिलिकचा टब आणायचा खर्च. म्हणून दोन डब्यांचा इपॉक्सी कोटिंगचा किट घेतला.

घासाईला दोन दिवस गेले. हे काम ओल्या पॉलिश पेपरनेच करा आणि मास्क लावा. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, कोरडं घासलं तर ती धूळ नाकात जाते. गंज पार धातूपर्यंत खरवडला, खड्डे पुटीने भरले.

माझी चूक झाली ती पुढे. एप्रिलचा मध्य, सकाळचे अकरा, पारा 43 च्या वर. दोन्ही डबे एकदमच मिसळले. अर्धा टब होतो न होतो तोच हातातला डबा चटके द्यायला लागला, आणि आतल्या मालाचं विरजण लागल्यासारखं दही. दोन डब्यांतले रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारं द्रव्य) एकत्र आले की स्वतःच उष्णता सोडतात; माल जितका जास्त एका भांड्यात, तितकी ती कोंडते आणि माल तितक्या लवकर बसतो. त्यात वऱ्हाडातलं ऊन. पुन्हा घासाई, पुन्हा नवा किट. दुसऱ्या खेपेला पहाटे पाचला बसलो, थोडा थोडा माल मोजून पसरट ताटलीत कालवला, आणि टब गुळगुळीत निघाला. किटवर 48 तास लिहिलं होतं, आम्ही चार दिवस पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

भिंतीवर आधीच्या सहा बाय सहाच्या टाइल्स होत्या. रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिल्या तर टबाच्या बाजूच्या बहुतेक पोकळ वाजल्या. काढल्यावर मागे ओल आणि पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर फुटणारा क्षार. मिस्त्री वरूनच नव्या चिकटवू म्हणत होता, मी ऐकलं नाही. प्लास्टर विटेपर्यंत पाडलं, नवीन केलं, ते वाळू दिलं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, मग टाइल अधेसिव्ह आणि सांध्यात इपॉक्सी ग्राउट. ग्राउट महाग पडतं, आणि लगेच पुसलं नाही तर टाइलवर धुरकट पापुद्रा बसतो. आमच्या दोन टाइल्सवर तो अजून आहे.

टब आणि भिंत यांच्यामधला सांधा सिमेंटने भरू नका. तिथे सिलिकॉन लागतं, आणि ते भरताना टब पाण्याने काठोकाठ भरलेला हवा. वजनाने टब खाली दबतो, सांधा पूर्ण उघडतो, आणि सिलिकॉन सुकल्यावरच पाणी सोडायचं. हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा रिकाम्या टबाला भरलेली पट्टी श्रावणापर्यंत एका कोपऱ्यात सुटली, खाली काळी बुरशी. कापून काढली, पुन्हा भरली. तेव्हापासून ठीक आहे.

आता अकरा महिन्यांनी टबाची चमक बरीच टिकली आहे. डाग पडला तो आमच्याच हाताने. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी सायकलवाल्याकडून घेतलेलं ॲसिड ओतलं, जाळीजवळ तळहाताएवढा भाग मातट झाला आणि तिथे आता बोटाला खरखर लागते. पुन्हा घासून तेवढ्याच भागाला हात मारावा लागेल, या खेपेला थंडीत. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर येतोच. नळाचं पाणी नसलं की तेच वापरावं लागतं. आंघोळ झाली की लगेच फडक्याने पुसलं तर तो साचत नाही, साचला तर साबणाचं पाणी आणि मऊ स्पंज. खाली चिकटणारी रबरी चटई आणली होती, पण तिच्या तळाच्या चिकटणाऱ्या रबरी वाट्या कोटिंग ओढून काढतात असं कळल्यावर परत केली.

भिंतीत आतून ओल नाही. बाहेरच्या बाजूने मात्र जमिनीपासून दीड फूट लोणा अजून फुटतो. तो जमिनीतून वर चढतो, टाइल बदलून थांबत नाही, आणि हे मिस्त्रीने आधी सांगितलं असतं तर बाहेरच्या प्लास्टरचा खर्च तरी वाचला असता.

दुसऱ्या किटसकट सगळे मिळून 31 हजारांच्या आसपास गेले. बाबा रोज फळीवर बसून आंघोळ करतात, आणि माय परवा म्हणे, "फळी जरा रुंद पायजे होती, मले बी बसता आलं असतं."